बोकडांची हजेरी

शनिवारी सकाळी साडेसातला खिडकीपुढे सव्वीस माणसं उभी होती आणि खिडकीत मटण नव्हतं.

अंडी होती. टोमॅटो होते, दोन टोपल्या पालेभाजी होती, कांद्याची पात होती. गाजरं तर पहाटे उपटलेली, शेंड्यासकट आणि मातीसकट. पण दोन बस बदलून आलेली सव्वीस माणसं गाजरांसाठी आलेली नव्हती, आणि ती गाजरांकडे ज्या नजरेने पाहत होती त्यावरून हे गाजरांनाही कळलं असावं.

"आत्या, अजून वेळ आहे का?" रांगेतल्या पहिल्या नंबरावरून हेडमास्तरांनी विचारलं. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण पहिला नंबर त्यांनी सोडला नव्हता.

"आहे की. तोवर गाजरं घ्या."

"मला गाजरं चाववत नाहीत."

"मग नुसती बघा. डोळ्यांना चांगली असतात."

आत्या चौतीस वर्षं या खिडकीत उभी होती. पस्तिसाव्या वर्षी ती माहेरी परत आली, कशामुळे ते घरात आता कोणी विचारत नाही, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने शेडच्या भिंतीला ही खिडकी पाडून घेतली. शहरातल्या माणसाने इथे यायचं, वाटलं तर आत येऊन बोकड बघायचे, काय खातात, कुठे चरतात, कधी आजारी होते का ते विचारायचं. आत्या उत्तर द्यायची. नाही विचारलं तरी द्यायची. मग धाकटा पुतण्या समोर उभा राहून हवा तो तुकडा कापून द्यायचा. पाकीट नाही, बर्फ नाही, मधे कोणी नाही.

आणि आज दहा वाजता ती खिडकी विकली जाणार होती. म्हणजे खिडकी तशी कोणाला नको होती. शहरात तीस दुकानं असलेल्या एका कंपनीला बोकड हवे होते, सगळेच्या सगळे, दर सोमवारी, जिवंत, लॉरीत भरून. करारात स्पष्ट लिहिलं होतं की शेतावरची थेट विक्री त्या दिवसापासून बंद. साहेब मोजणी करेपर्यंत एकाही बोकडाला हात लावू नये असा निरोपही आला होता. म्हणून खिडकीत गाजरं होती.

शेतीचे वाटेकरी तीन. थोरला, धाकटा आणि आत्या. तिघांपैकी दोघांच्या सह्या पुरेशा होत्या. थोरल्याची सही करून तयार होती. धाकट्याचं मत म्हणजे त्याच्याशी शेवटी जो बोलेल त्याचं मत, आणि त्याच्याशी शेवटी कोण बोलतं हे त्याचं लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं.

"आणि मी काय करू मग?" आत्याने गेल्या आठवड्यात विचारलं होतं.

"आराम," थोरला म्हणाला होता.

हा शब्द त्याने तेव्हापासून अकरा वेळा वापरला होता. आत्याला तो दर वेळी, डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बोलावून हळू आवाजात सांगावा तसा ऐकू आला होता.

पण आत्याच्या अॅप्रनच्या खिशात एक पत्र्याची डबी होती. तिने वरून हात ठेवून ती चाचपली. डबी खुळखुळली. मागे शेडमध्ये कुठेतरी खुरांचा आवाज झाला.

"उंदीर झालेत वाटतं," हेडमास्तर म्हणाले.

"मोठाले," आत्या म्हणाली.

*

स्वयंपाकघरात थोरली सून साहेबांसाठी कप पुसत होती. पाहुण्यांचे कप वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येत, आणि ते बाहेर आले म्हणजे थोरलीला काहीतरी हवं आहे हे धाकटीला आता कळायला लागलं होतं.

"बिस्किटं कुठे गेली?" थोरलीने डबा उलटा करून दाखवला. "परवा दोन पुडे भरलेत मी यात."

"मी नाही हो खाल्ली, ताई."

"तू नाहीच खाल्लीस. मला माहीत आहे कोण खातंय. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केलीय, आणि हे रोज पहाटे उठून चारा मोजायला जातात! तीन आठवडे झाले. वीस वर्षांत कधी यांनी चारा मोजला? बिस्किटं खिशात घालतात आणि शेडमागे उभं राहून खातात. या वयात! चोरून!"

"विचारलंत का?"

"विचारलं. खाली मान घालून 'हो' म्हणाले. मी पुढे बोलणार काय?"

धाकटीने चहाचं आधण ठेवलं. कराराला तिचा होकार होता आणि त्यामागची कारणं साधी होती. दर शनिवारी नवरा पहाटे चारला उठायचा. दुपारपर्यंत उभा. संध्याकाळी खांदा धरून बसायचा. लॉरी आली की तो सात वाजेपर्यंत झोपेल, एवढंच तिने पाहिलं होतं.

थोरलीची कारणं जास्त होती आणि ती तिने पाठ केली होती. "सव्वीस माणसं येतात. सव्वीसांतली वीस माझं बाथरूम वापरतात. लाजत वगैरे नाहीत. विमा एजंट तर माझा टॉवेल वापरतो. वर मला सांगतो, वहिनी, साबण बदललात वाटतं! इतक्या वर्षांत आत्यांनी एकदा तरी विचारलं का मला? त्यांची खिडकी, त्यांची माणसं. बाथरूम तेवढं माझं."

धाकटीने आधणाखालची आच कमी केली. लग्नाआधी आठ महिने त्या वीस जणांत तीही होती.

ती दर शनिवारी यायची आणि अर्धा किलो खिमा घ्यायची. धाकटा खिमा करताना वर बघायचा नाही, पण तिच्यासाठी तो मांडीचा घ्यायचा, दोनदा कुटायचा, आणि वर कलेजीचा एक तुकडा न मागता टाकायचा. नवव्या महिन्यात दोघांचं ठरलं, तेव्हा तिने त्याला सांगितलं की ती मांस खात नाही, कधीच खाल्लेलं नाही, आणि आठ महिन्यांचा खिमा शेजाऱ्यांच्या कुत्र्याने खाल्ला. धाकट्याने हात पुसले. मग म्हणाला, "कलेजीपण?"

ती चहाचा कप घेऊन मागच्या ओट्यावर गेली. धाकटा तिथे लाकडी ठोकळ्याजवळ बसला होता. सत्तूर त्याने घासून पुसून मांडीवर ठेवला होता. शनिवारची सकाळ, पावणेदहा, आणि त्याचे हात स्वच्छ. सत्तूर घरातल्या आजारी माणसासारखा फडक्यात गुंडाळलेला.

"झोपला का नाहीस? आज काम नव्हतं की."

"झोपलो होतो. चारला जाग आली."

"मग?"

"मग धार लावली." त्याने चहा घेतला. "मी विचार करत होतो. लॉरीत जिवंत जाणार म्हणजे कापणारे तिकडेच असतील ना?"

"असतील."

"मशीन असेल."

"असेल."

"मग मी काय करायचं, आराम?"

धाकटीने त्याच्या हातातला कप घेतला. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. गुरुवारी आपण याला 'कर सही' म्हणालो होतो, हे तिला आठवलं. याला आपलंच शेवटचं बोलणं आठवत असणार, हेही तिच्या लक्षात आलं.

*

खरेदीसाहेब बरोबर दहाला आले. गाडीतून उतरण्याआधी त्यांनी बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. हातात दुसरी पिशवी होती, तिच्यात पिवळे बिल्ले आणि ते कानात टोचायचं यंत्र.

"एकेचाळीस ना?" साहेबांनी विचारलं.

"एकेचाळीस," थोरला म्हणाला.

रांग मोडून कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. शेडमध्ये कोण आलं, कशाला आलं, हे बघण्याचा चौतीस वर्षांचा हक्क तिला होता आणि तो आज सोडण्याचं काही कारण नव्हतं.

"आज टोचून घेतो, सोमवारी लॉरी," साहेब म्हणाले. "धाकटे बंधू कुठायत? सही तेवढी."

"थांबा," आत्या म्हणाली. ती शेडच्या दारात अॅप्रन बांधून उभी होती आणि तिच्या हातात शाळेतली असते तशी लांब वही होती. "आधी कलम सात."

थोरल्याने डोळे मिटले. कलम सात त्याला पाठ होतं. आजोबांच्या वाटणीपत्रात सहावं कलम विहिरीच्या पंपाबद्दल होतं, आठवं जिन्याखालच्या कपाटाबद्दल, आणि मधे हे. 'हाक मारल्यावर जे जनावर मान वळवून बघेल, ते विकू नये, कापू नये, कोणास विकू देऊ नये.' आजोबांनी तरुणपणी एक बोकड विकला होता. गाडीत चढवताना सवयीने त्याला हाक मारली गेली, आणि त्याने वळून पाहिलं. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण कलम लिहूनच. तेव्हापासून या घरात बोकडाला कोणी हाक मारत नसे. पोरं झाली, सुना आल्या, प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात बजावलं गेलं, इथे 'च्यक च्यक' करायचं. नाव घ्यायचं नाही.

"ते जुनं आहे हो," साहेब हसून म्हणाले. "आमच्याकडे नावं नसतात, नंबर असतात."

"आमच्याकडे आहेत," आत्या म्हणाली, आणि वही उघडली. "पोस्टमन!"

पांढऱ्या पायांच्या एका बोकडाने मान वळवून पाहिलं.

साहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला साहेब निघून गेला.

"डॉक्टरीणबाई!"

"काय?" कुंपणापलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतून एका काळ्या बोकडानेही पाहिलं.

"तुम्हाला नाही हो. याला."

"अहो आत्या, तो बोकड आहे!"

"असू दे. नाव हुशार माणसाचं असावं. विमा एजंट!"

"हा माझा?" विमा एजंट कुंपणावर वाकला. "एवढा बारीक?"

"फिरतीवर असतो. हेडमास्तर!"

या नावाला एका धिप्पाड बोकडाने सावकाश मान वळवली, आणि कुंपणाशी उभ्या हेडमास्तरांनी पाठ ताठ केली.

थोरला हे सगळं बघत होता आणि बघत नव्हता. त्याला डबीचं ठाऊक होतं. आत्या नाव घेताना कंबर जराशी हलवायची, खिशातले मक्याचे दाणे खुळखुळायचे आणि बोकड वळायचे. एक नाही, एकेचाळीस वळायचे. प्रत्येक नावाला सगळे वळत होते. पण आत्या बोट एकाच बोकडाकडे दाखवायची, साहेबांची नजर बोटामागे जायची, आणि साहेबांना दर वेळी एकच बोकड दिसायचा. रांगेला सगळे दिसत होते. रांग गप्प होती. सव्वीस माणसांना एवढं एकमताने गप्प बसलेलं थोरल्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. 'डबी'. तेवढ्याने करार झाला असता. बायको दहा फुटांवर उभी होती आणि तिच्या डोळ्यांत बाथरूमची किल्ली दिसत होती. थोरल्याने तोंड उघडलं, मग त्यातून खोकला काढला आणि बंद केलं. उजवा हात त्याने खिशात घातला आणि तिथेच ठेवला.

"शिंपीदादा! नर्सबाई! घड्याळवाले! नवा जावई! दुसरा नवा जावई!"

सत्ताविसाव्या नावाला साहेबांनी हात वर केला.

"बास. हे बघा, कलमाचं आमचे वकील पाहतील. दोन सह्या झाल्या की झालं." त्यांनी पेन काढून धाकट्यापुढे धरलं. धाकटा ओट्यावरून आला होता, सत्तूर अजून फडक्यात. "घ्या. इथे, खाली."

धाकट्याने पेन घेतलं. मग सवयीप्रमाणे बायकोकडे पाहिलं.

"अगं, सांग त्याला," थोरली म्हणाली. "गुरुवारी बोलली होतीस ना माझ्याशी?"

"बोलले होते, ताई." धाकटीने पदराला हात पुसले. "पण गुरुवारी मला सात वाजता उठणारा नवरा हवा होता. आज तो रिकाम्या हातांनी बसलेला बघितला. मला नाही जमणार तो." आणि धाकट्याकडे वळून म्हणाली, "कलम सात आधी वाच. सावकाश वाच."

आत्याने वहीतून वाटणीपत्र काढून दिलं आणि धाकटा वाचायला लागला. त्याच्याएवढं सावकाश कोणी वाचू शकत नसे. साहेब दुसऱ्या ओळीपर्यंत थांबले, मग त्यांनी पेन परत मागितलं. नावं असलेला माल सिस्टिममध्ये बसत नाही, वर विचारून कळवतो, म्हणाले. पिवळे बिल्ले पिशवीत गेले. गाडीपाशी एका पायावर उभं राहून ते निळी पिशवी काढू लागले.

*

रांगेने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हेडमास्तरांनी हात वर केला होता.

"एक शंका," ते म्हणाले. "हाकेला वळलेलं जनावर विकायचं नाही."

"नाहीच," आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, विशीतल्यासारखा.

"कोणालाच नाही."

"कोणालाच नाही."

"मग आज आम्हाला मटण कशाचं?"

आत्याने वहीकडे पाहिलं. तीन आठवडे ती पहाटे पाचला उठली होती, एकेचाळीस नावं शोधली होती, पाठ केली होती, गुडघे दुखत असताना शेडमध्ये उकिडवी बसली होती. खिडकी कशी वाचवायची याचा तिने इतका विचार केला होता की वाचलेल्या खिडकीत ठेवायचं काय, हा विचार राहूनच गेला होता.

"बरोबर आहे मास्तरांचं," थोरली पुढे आली. तिचा आवाज आता थंड होता, म्हणजे ती खरी चिडली होती. "नियम सगळ्यांना सारखा. साहेबांना नाही, तर यांनाही नाही. यापुढे गाजरं विका, आत्या. चौतीस वर्षं पुरतील एवढी गाजरं आहेत."

शिंपीदादाने हळूच टोपलीकडे पाहिलं. दोन नवे जावई, म्हणजे त्या नावाची खरी माणसं, एकमेकांकडे बघू लागले. आत्या उभी होती. डबी कबूल केली तर थोरला फोन लावणार, साहेबांची गाडी अजून फाटकापाशी वळत होती. नाही केली, तर खिडकी तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती, कराराशिवाय. तिचा हात अॅप्रनच्या खिशावर गेला आणि तिथे घट्ट बसला. एकोणसत्तर वर्षांच्या बाईचा हात होता तो, आणि पहिल्यांदाच तसा दिसला.

धाकटी तिच्या मागे गेली आणि अॅप्रनची गाठ सोडली.

"अगं! काय करतेस!"

"हात वर करा, आत्या." तिने अॅप्रन काढला, डबीसकट घडी घातली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि वर गाजरांची जुडी ठेवली. "आता परत हजेरी घ्या. पहिल्यापासून."

"थोरला फोन लावेल," आत्या पुटपुटली.

"लावू दे. तुम्ही घ्या."

आत्याने वही उघडली. "पोस्टमन," ती म्हणाली.

पोस्टमन चारा खात होता. खात राहिला.

"डॉक्टरीणबाई." कोणी नाही. "विमा एजंट. हेडमास्तर." एकही मान वळली नाही. आत्याचा आवाज नावागणिक मोठा होत गेला. अठराव्या नावाला तो किंचित फाटला. कोणी वळू नये हेच तिला हवं होतं, आणि कोणीच वळत नाही हे तिला सहन होत नव्हतं. "नर्सबाई! अगं, तुला तर मी हाताने भरवलंय!"

नर्सबाईंनी शेपटी हलवली. माशी होती.

"आत्या, मनाला लावून घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझं पेशंटही ऐकत नाहीत."

"म्हणजे फसवलं!" थोरलीने कपाळावर हात मारला. "त्या साहेबांना डबी वाजवून फसवलं या बाईंनी! एकही वळत नाही, म्हणजे सगळे विकता येतात. अहो, बघताय काय? लावा फोन. गाडी वळणाच्या पुढे गेली नसेल."

थोरल्याने डाव्या हाताने फोन काढला. उजवा खिशातच होता.

"लावतो," तो म्हणाला. "हजेरी पुरी होऊ दे आधी."

"कशाला?"

"नियमाप्रमाणे."

आत्याने पान उलटलं. चाळीस नावं झाली होती. एकेचाळिसाव्यापाशी ती अडली. नावं संपत आली तेव्हा तिने ते रागाच्या भरात दिलं होतं, लांब दाढीच्या आणि विनाकारण गंभीर चेहऱ्याच्या एका बोकडाला. घरात ते नाव एका माणसासाठी वापरात होतं, त्याच्या पाठीमागे. तिने थोरल्याकडे न बघता ते वाचलं.

"शहाण्या!"

दोन माना वळल्या.

एक दाढीवाल्या बोकडाची. दुसरी थोरल्याची.

बोकड नुसता वळला नाही. चारा टाकून तो चालत आला, थोरल्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या उजव्या खिशात तोंड घातलं. बाहेर काढलं तेव्हा तोंडात अर्धं बिस्कीट होतं.

बराच वेळ फक्त बिस्कीट खाल्ल्याचा आवाज येत होता.

"तीन आठवडे," थोरली म्हणाली. "चारा मोजायला."

"पहिल्या दिवशी मला वाटलं आत्या मलाच हाक मारतेय," थोरला म्हणाला. "म्हणून शेडमागे गेलो. तर याला मारत होती." तो बोकडाकडे बघत होता, कारण इतर कुठे बघण्यासारखं नव्हतं. "मग गेलो दुसऱ्या दिवशीही. हा वळून बघतो गं. डबी नसली तरी बघतो. घरात मी बोललो तर कोण बघतं?"

"म्हणजे तुम्हाला डबीचं पहिल्यापासून माहीत होतं! साहेबांसमोर गप्प बसलात!"

"खोकला आला होता."

"आणि बिस्किटं तुम्ही खात नव्हतात?" डॉक्टरीणबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"एखादं," थोरला म्हणाला.

थोरलीने नवऱ्याच्या हातातला फोन घेतला. सगळ्यांना वाटलं ती लावणार. तिने तो पदराला पुसला, बोकडाची लाळ उडाली होती, आणि परत त्याच्या वरच्या खिशात ठेवला.

"आत्या," ती म्हणाली. "शनिवारी माझ्या बाथरूमला कुलूप."

"दोन लाव," आत्या म्हणाली. "शेडमागे मी नवं बांधून घेते. माझ्या वाट्यातून."

"टॉवेल?"

"टॉवेल ज्याचा त्याने आणायचा." आत्याने विमा एजंटाकडे पाहिलं. विमा एजंटाने गाजरांकडे पाहिलं.

धाकट्याने फडकं सोडलं. खांदा एकदा गोल फिरवला, चाळीसातला एक बोकड निवडून 'च्यक च्यक' करत मागच्या ओट्याकडे नेला. धाकटी त्याच्यामागे गेली आणि पाण्याची बादली घेतली. रांग पुन्हा रांगेसारखी लागली. पहिल्या नंबरावर हेडमास्तर उभे होते.

"कोण आहे आज?" त्यांनी जरा काळजीने विचारलं.

"ओळखीचं कोणी नाही," आत्या म्हणाली. तिने अॅप्रन बांधला, डबीतले दाणे कोंबड्यांना टाकले आणि वही गाजरांखाली सारली. मग शेडच्या दाराशी गेली. तिथे थोरला आणि बोकड अजून समोरासमोर उभे होते.

"हा विकायचा नाही," ती म्हणाली. "कलम सात."

"दोघंही?" थोरलीने विचारलं.

आत्याने दोघांकडे नीट पाहिलं.

"दाढीवाला नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याचं तू बघ."